उलट्या चिंचेखाली

बाई, चित्रकलेची खोली पाडणार आहेत. गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला, तिथे संगणकाची नवी इमारत उभी राहायची आहे, पाडण्याआधी जुन्या विद्यार्थिनींनी एकदा येऊन पाहून जावं म्हणून. मी आता नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. जिल्ह्याचं नाव बदललं, पण तोंडात अजून नगरच येतं. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात शिकत होते आणि बातमी माझ्यापर्यंत पोहोचली ती तुम्हाला माती देऊन झाल्यावर. त्यामुळे तुमच्याशी शेवटचं बोलणं असं काही झालंच नाही. शाळेत जाऊन आल्यापासून मात्र रोज मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे, आणि ते डोक्यातून उतरावं म्हणून हे लिहायला बसले.

ती खोली मैदानाच्या टोकाला, बाकीच्या वर्गांपासून सुटी होती. दोन खिडक्या, दोन्ही मैदानाकडे तोंड केलेल्या, त्यांच्या लाकडी झडपांवर पत्रा ठोकलेला. खिडकीतून पाहिलं की सरळ समोर मैदान, मग मोठी चिंच, आणि चिंचेमागून घोडेगावच्या बाजाराकडे जाणारा रस्ता. डाव्या हाताला, मैदान संपतं तिथे, तुमचं क्वार्टर. मिशनच्या काळात बांधलेलं, काळ्या दगडाचं. त्याची एक लांबलचक भिंत आमच्या खोलीच्या दिशेने होती आणि त्या भिंतीला ना दार होतं ना खिडकी. मी आमच्या वस्तीवरून चालत शाळेत यायचे. आमच्याकडे ऊस, कांदा आणि चार म्हशी. चित्र म्हणजे दिवाळीला दारात काढायची रांगोळी, एवढंच आमच्या घरात ठाऊक. तुमच्या खोलीत आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की सावलीलाही रंग असतो, आणि रस्ता दूर जाताना बारीक होतो तो रस्त्याच्या स्वभावामुळे नव्हे, पाहणाऱ्याच्या डोळ्यामुळे.

नववीत असताना बाजाराच्या दिवशी, उतरत्या दुपारी, तुम्ही आम्हाला सांगितलंत की आज पेन्सिल शेवटी हातात घ्यायची, आधी नुसतं बसायचं. मग तुम्ही दोन्ही खिडक्या लावल्या. झडपांच्या फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाट सरकवलं. खोली अशी काळी झाली की शेजारणीचा हातही दिसेना. उजव्या खिडकीच्या पत्र्याला एक बारीक भोक होतं, तेवढंच काय ते उजेडाचं दिसलं. आणि हळूहळू, डोळे सरावत गेले तशी, मागच्या पांढऱ्या भिंतीवर चिंच दिसायला लागली. उलटी. छतातून खाली लोंबणारी. तिच्या वरून, पाय वर करून, बैल चालले होते. माणसं चालली होती, एक टेम्पो गेला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मात्र आमच्या पाठीमागून, खिडकीबाहेरून येत होता. समोरच्या भिंतीवर मुकी जनावरं डोक्यावर चाललेली आणि त्यांचा आवाज पाठीमागे.

पोरी किंचाळल्या. तुम्ही म्हणालात, "ओरडायचं नाही. भूत नाही ते, उजेड आहे. उजेड सरळ जातो. झाडाच्या शेंड्याकडचा खाली येऊन पडतो, बुंध्याकडचा वर जातो. भोक एवढंसं आहे म्हणून ज्याचा त्याचा उजेड आपापल्या जागेवर पडतो, नाहीतर सगळा मिसळून नुसती पांढरी भिंत दिसली असती." मग तुम्ही भिंतीवर मोठा कागद चिकटवलात आणि मला पुढे बोलावलंत. "बाजूला उभी राहा, अंगाची सावली पडू देऊ नकोस. दिसतं त्यावरून फक्त पेन्सिल फिरव. डोकं वापरू नकोस." आणि तुम्ही मागच्या बाकाकडे गेलात, तिथे एक मुलगी रडायला लागली होती.

मी फांद्या गिरवत होते. पानं हलत होती, त्यामुळे पेन्सिल एका जागी ठरत नव्हती. चिंचेच्या गर्द भागात भिंत जवळजवळ काळीच होती आणि तिथे काढण्यासारखं काही नव्हतं. मग त्या काळोखात मला एक बाईमाणूस दिसलं. पांढऱ्या लुगड्यातलं. डोकं खाली, पाय वर, हात अंगाला चिकटलेले. चित्रातलं बाकी सगळं हलत होतं, ती हलत नव्हती. चेहरा दिसत नव्हता, नुसता एक फिकट ठिपका. मला मात्र खात्री होती की ती माझ्याकडेच पाहते आहे. मी तिला गिरवलं. मग त्या ठिपक्यात दोन डोळे काढले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "चिंचेखाली कोण उभंय गं?" तुम्ही वळून पाहिलंत. मी तुमच्याकडे बघत होते, पण अंधारात तुमचा चेहरा दिसला नाही, नुसता श्वास ऐकू आला. तुम्ही बाकांमधून वाट काढत डाव्या खिडकीपाशी गेलात, झडपेला हात लावलात, आणि भिंतीवरची ती बाई नाहीशी झाली. चालत गेली नाही, आडोशाला झाली नाही. होती आणि नव्हती. चिंच तिथेच, बैल तिथेच.

त्यानंतरचा कल्ला तुम्हाला आठवत असेल. कुणीतरी दार उघडलं, आम्ही सगळ्या बाहेर पळालो, आणि भीती वाटत असूनही चिंचेकडेच पळालो. तिथे कुणी नव्हतं. बुंध्यापाशी एक शेळी बांधलेली होती, काळी. मी मागे वळून पाहिलं तर तुम्ही चिंचेकडे आलाच नव्हतात. तुम्ही अनवाणी, पदर खोचून, क्वार्टरकडे भराभर चालत होतात. चपला खोलीच्या दारात तशाच. मला वाटलं, बाईसुद्धा घाबरून घरी पळाल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एकटीला थांबवलंत. माझं चित्र टेबलावर होतं, सरळ करून ठेवलेलं, म्हणजे चिंच जमिनीवर आणि ती बाई पायांवर उभी.

"चेहरा दिसला होता तुला?"

"नाही, बाई."

"मग डोळे कुठून आणलेस?"

"ती माझ्याकडं बघत होती."

तुम्ही रबर घेतलंत आणि ते डोळे खोडायला लागलात. इतके खोडलेत की कागद तिथे पातळ होऊन पलीकडचं टेबल दिसायला लागलं. "न दिसलेले डोळे कुणाला लावायचे नाहीत," तुम्ही म्हणालात. "कुणालाच नाही. समजलं?" तुम्ही एरवी कधी आवाज चढवत नव्हतात. मला वाटलं, निरीक्षण चुकलं म्हणून रागावल्या. चित्र तुम्ही ठेवून घेतलंत.

मग आमचे आबा शाळेत आले. बैलगाडी रस्त्यातच सोडून, तरातरा. "बाई, पोरगी धड जेवत न्हाई. चिंचेखालनं जायला भ्येती. तुमी काय वर्गात भुतं दाखवता व्हय?"

"भूत नव्हतं ते," तुम्ही म्हणालात.

"मंग काय हुतं?"

मी दारात उभी होते. प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे उत्तर असायचं, आकाश निळं का, तवा काळा का, म्हशीची पाठ उन्हात चमकते का. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. तुम्ही खाली पाहिलंत आणि म्हणालात, "माझं चुकलं. पुन्हा वर्गात खिडक्या लावणार नाही." आबांचाच आवाज उतरला. "तसं न्हाई बाई, पोरगी भ्याली म्हनून बोललो," म्हणत ते गेले. मला मात्र तेव्हापासून ठाम वाटायला लागलं की ते भूतच होतं, कारण बाईंना उत्तर देता आलं नाही.

तरी मी तुमच्याकडे येत राहिले. दहावीच्या वर्षी तर रोज, शाळा सुटल्यावर, तुमच्या क्वार्टरच्या ओट्यावर. आत कधी कुणाला घेत नव्हतात. आतलं दार लावलेलं, तुम्ही स्वयंपाकघरातून दोन कप चहा आणायचात आणि पुन्हा आत जाऊन बराच वेळ लावायचात. एकदा आतून बांगडी वाजल्यासारखी वाटली. मी विचारलं, "कोण आहे बाई?" तुम्ही म्हणालात, "मांजर." मांजराला बांगड्या कशा, हे मी विचारलं नाही. निकाल लागला तेव्हा तुम्ही मला सावलीकामाच्या पेन्सिलींची पत्र्याची पेटी दिलीत आणि म्हणालात, "चित्रकार व्हायचंय ना? मग आधी उजेड शिकून घे. सायन्सला जा." मी गेले. गेले ती तिकडचीच झाले. चित्रं सुटली, उजेड राहिला.

फोननंतरच्या आठवड्यात शाळेत गेले तेव्हा दुपार कलत आली होती. शाळेचा शिपाई, चाळिशीचा माणूस, पांढरा सदरा घातलेला, किल्ली घेऊन बरोबर आला. खोलीत खोके, मोडकी बाकं, निवडणुकीची जुनी पाटी. मी त्याला म्हटलं, थोडा वेळ खिडक्या लावून पाहायचंय. त्याला वाटलं असेल, बाई जरा तऱ्हेवाईक दिसतायत. उजव्या खिडकीच्या पत्र्यातलं भोक गंजून मोठं झालं होतं, त्यावर मी घरून आणलेला, सुईने टोचलेला काळा कागद लावला. मग डाव्या खिडकीची झडप लावताना पत्र्याच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागलं. नखाएवढी पत्र्याची चकती, एका खिळ्यावर फिरणारी. ती सरकवली तर तिच्या मागे दुसरं भोक. पहिल्यापेक्षा बारीक, गोल, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. ते गंजाने पडलेलं नव्हतं. कुणीतरी जपून पाडलं होतं. तुमच्याशिवाय कोण पाडणार?

मी चकती बंद केली, खोली काळी केली आणि शिपायाला बाहेर पाठवलं. तो मोबाईलवर माझ्याशी बोलत होता. "म्याडम, कुठं उभा राहू?" चिंचेपाशी, म्हटलं. भिंतीवर चिंच आली, पूर्वीपेक्षा छाटलेली, पण उलटी लोंबणारी. तिच्या कडेला तो आला, डोकं खाली. मग मी त्याला क्वार्टरच्या भिंतीकडे जायला सांगितलं. तो चित्रातून चालत निघाला, खोलीतल्या भिंतीच्या टोकाला गेला आणि कोपऱ्यातल्या कपाटाच्या काळोखात मावळला. क्वार्टर त्या चित्रात बसतच नव्हतं. मी डाव्या खिडकीवरची चकती सरकवली. आणि तो चिंचेच्या गर्द काळोखात उभा होता. "पोचलो म्याडम, भिंतीला टेकून हाय. दिसतो का?"

दिसत होता. वर्गात मी हे दरवर्षी शिकवते. दोन छिद्रं असली की दोन चित्रं पडतात, एकावर एक, थोडी सरकलेली. उजेडावर उजेड पडला तर कळत नाही, पण एका चित्रातला काळोख असेल तिथे दुसऱ्यातला उजेड उठून दिसतो. दगड काळा, त्यामुळे भिंत उमटत नाही, तिला टेकलेलं पांढरं माणूस तेवढं उमटतं, तेही चिंचेखाली. त्या दिवशी चिंचेखाली कुणी नव्हतंच. ती तुमच्या घराच्या भिंतीशी उभी होती. इतकी वर्षं मी हे शिकवत आले आणि एकदाही त्या दुपारीला लावून पाहिलं नव्हतं.

मला आनंद झाला, बाई, खोटं कशाला बोलू. मी फोनवर म्हटलं, झालं काम, परत ये. पांढरा सदरा भिंतीवरून सरकत गेला. आणि त्याच्या जागी काहीतरी राहिलं. फार फिकट. डोकं, खांदे, पाठ, शिपाई दिसला होता तेवढंच, पण सदऱ्याइतकं पांढरं नाही, राखेसारखं. मी डोळे मिटून उघडले. ते होतंच. चिंचेची पानं हलत होती, ते हलत नव्हतं. मी फोनवर विचारलं, "तू निघालास ना तिथून?" आणि आवाज फोनमधून आणि दारातून असा दोन्हीकडून आला. "म्याडम, म्या हितं दारात हाय की."

मग दार ढकलून, उन्हात डोळे दिपत, मी सरळ क्वार्टरच्या भिंतीशी गेले. तिथे कुणी नव्हतं. पण वळचणीखाली, उतरतं ऊन पडलं होतं तिथे, दगडांचा एक पट्टा बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळा होता. गुळगुळीत, तुकतुकीत. डोक्याच्या उंचीवर जास्त, खांद्यांच्या उंचीवर थोडा कमी, मग खाली पाठीएवढा. मी हात लावला. खडबडीत दगड तिथे पाट्यासारखा लागला. कुणीतरी, तेल लावलेल्या केसांनी, वर्षानुवर्षं त्याच जागी टेकून उभं राहिलं होतं, आणि घासलेला दगड बाकीच्या भिंतीपेक्षा जरा जास्त उजेड परत पाठवत होता. बस, एवढंच होतं ते. तरी हात मी लगेच काढून घेतला.

"चित्राच्या बाईंच्या वर्गातली पोर का तू?" मागून आवाज आला. क्वार्टरशेजारच्या खोलीत राहणारी म्हातारी होती, आपल्या वेळी शाळेत पाणी भरायची ती मावशी. मी ओळख सांगितली. ती माझ्या हाताकडे, मग भिंतीकडे पाहत म्हणाली, "तिची जागा हाय ती. बाईंच्या थोरल्या बहिणीची."

"बाईंना बहीण होती?"

"हुती तर. आमा कंपाउंडातल्या लोकांना ठावं हुतं, पन आमी बोलत नसू. येडी नव्हती गं ती. तिला कुणी तोंडाकडं बघितलेलं सोसायचं न्हाई. लहानपनापास्नं. बघितलं की किंचाळायची, तोंड भिंतीत घालायची. बाईंनीबी बघितलेलं चालायचं न्हाई. जेवायला वाढायच्या ते मान खाली घालून. आईबाप गेल्यावर बाईंनी हितं आनली, आन् लगीन केलं न्हाई."

"मग ती बाहेर यायची?"

"कुणी नसलं की. ऊन आवडायचं तिला. रविवारी उपासना झाली की बाई शाळेत जाऊन खोलीच्या खिडक्या लावायच्या. त्या लागल्याचा आवाज आला, की ही बाहेर यायची आन् हितं भिंतीशी उभी राह्यची. बाई आत काय करत हुत्या देव जाणे. पन ती लई शांत असायची तवा. हलायची न्हाई."

मावशीने मला तिच्या खोलीत नेलं. तिच्या भिंतीवर, येशूच्या तसबिरीशेजारी, तुम्ही काढलेलं एक चित्र आहे. पेन्सिलीचं, एका बाईचं, भिंतीशी उभी असलेली. लुगड्याची प्रत्येक चुणी आहे, पायांखालची सावली आहे, हाताची बोटंसुद्धा आहेत. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. मावशी म्हणाली, अशी पुष्कळ होती, बाकीची तुमच्याबरोबर पुरली.

तिथे मोरीशेजारी पाटावर बसून मला सगळं कळलं. जगात तुम्हाला एकच माणूस होतं आणि त्याच्याकडे बघायची तुम्हाला बंदी होती. म्हणून तुम्ही बारीक भोक पाडलंत. तिच्या बाजूने पाहिलं तर समोर फक्त एक बंद खिडकी, कुणाची नजर नाही. तिच्या अंगावरचा उजेड मात्र मैदान ओलांडून, त्या भोकातून आत येऊन, तुमच्या कागदावर उलटा उभा राहायचा, आणि तुम्ही मन भरून पाहायचात. आमच्या तासाला तुम्ही चकती लावायला विसरलात. आणि तिने खिडक्या लागल्याचा आवाज ऐकला, तिला वाटलं रविवार आहे.

"त्या दिशी पोरी वरडत बाहेर आल्या," मावशी म्हणाली, "त्यानंतर ती परत कधी भिंतीशी आली न्हाई. आतच असायची. दोनेक वरसांनी गेली. पन बाई मातुर रविवारी खिडक्या लावून बसायच्या. ती आत हुती तवाबी, ती गेल्यावरबी. कुणी न्हाई तिथं उभं, तरी तासन् तास. काय बघायच्या कुनास ठाऊक."

तुम्ही काय पाहत होतात ते मी पाहून आले होते.

बाई, मी काढलेले ते डोळे. तुम्ही कागद पातळ होईपर्यंत का खोडलेत ते आता समजतं. तिच्याकडे बघणारे कुणाचे डोळे तर नकोतच होते, आणि मी तिच्याच तोंडावर बघणारे डोळे काढले होते. पण एक मला अजून उलगडत नाही, आणि याला फिजिक्समध्ये उत्तर नाही. तिला कुणाची नजर सोसत नसे, तर दर रविवारी ती त्याच जागी का यायची? मैदानभर ऊन पडलेलं असायचं. ती नेमकी तुमच्या भोकासमोर, तोंड तिकडे करून, न हलता उभी राहायची. मला वाटतं तिला माहीत होतं. तुम्ही पाहताय हे तिला माहीत होतं आणि ती तुम्हाला पाहू देत होती. हे मी पुरावा नसताना म्हणते आहे.

खोली पुढच्या आठवड्यात पाडतील. क्वार्टर पाडायचं अजून ठरलेलं नाही. मी मुख्याध्यापकांना काही बोलले नाही, माझ्या विद्यार्थ्यांना दोन छिद्रांचा प्रयोग सांगितला तेव्हा शिपायाचा सांगितला, तिचा नाही. तिच्याकडे आणखी कुणी बघायला नको. म्हणून इथेही कुणाचं नाव घातलेलं नाही, आणि हे पत्र तुमच्या मातीवर ठेवायचं मनात होतं, तेही ठेवणार नाही, कारण शेजारी तिची आहे आणि वारा कागद कुठेही नेतो.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगता येईल. कॉलेजात प्रकाशाचे प्रयोग अंधाऱ्या खोलीत करावे लागतात. शाळेत जाऊन आल्यापासून मी त्या खोलीचं दार पूर्ण लावत नाही, लागल्याचा आवाज होऊ देत नाही. बोटभर फट ठेवते. चित्र फिकट येतं, मुलं कुरकुरतात, आणि मी त्यांना सांगते, आत फार उकडतं म्हणून.